चार पोती पानं

कुणी नवीन ओळखीचं घरी आलं की प्रश्न ठरलेला असतो, "मिस्टर काय करतात?" मी सांगते, "किडे मोजतात." समोरचं माणूस हसतं. मी हसत नाही म्हटल्यावर ते ओशाळतं आणि पंख्याकडे बघत बसतं.

पण आमचे हे खरंच किडे मोजतात. आमच्या वस्तीपासून सायकलवर वीस मिनिटांवर सहा मोठाली पॉलिहाऊस आहेत. आत काकडी आणि ढोबळी मिरची, दोऱ्यांवर चढवलेले वेल, माणसाच्या डोक्यावर जाणारे. हे रोज सकाळी गळ्यात भिंग अडकवून आत शिरतात आणि पानं उलटी करून बघतात. एका पॉलिहाऊसमध्ये आठ रांगा, रांगेत पाच पानं, म्हणजे चाळीस पानं. प्रत्येक पानावर पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवायचा, त्याला मोठ्या बटणाएवढं भोक. त्या भोकात दिसतील तेवढे किडे मोजायचे, सरासरी काढायची आणि आकडा दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. भोक मीच पाडून दिलं आहे, काज पाडायच्या पटाशीनं. मी शिवणकाम करते.

तिथे सगळे त्यांना "भिंगवाले" म्हणतात. मी काय म्हणते ते सांगण्यासारखं नाही.

कारण या माणसाला स्वस्थ बसता येत नाही. पायाला भिंगरी, डोळ्याला भिंग. बाजारातून फ्लॉवर आणला की तो आधी खिडकीत नेऊन तपासायचा. शेजारणीच्या कुंडीतलं पान येता-जाता उलटायचं, तिला न विचारता. आमच्या घरात पिवळी वस्तू नाही, कारण पांढरी माशी पिवळ्यावर येऊन बसते आणि पिवळा शर्ट घातलेलं माणूस तिला एका पॉलिहाऊसमधून दुसऱ्यात पोचवतं. एकदा माझ्या गिऱ्हाइकाचा पिवळा फ्रॉक खुंटीला टांगलेला होता, तर त्यावर यांनी चादर घातली. म्हटलं, "अहो, ती माशी शिवण शिकायला येणार आहे का इथे?" तर म्हणे सवय बरी असते. सवयींनीच माझ्या नाकी नऊ आलेत.

हा माणूस आधी असा नव्हता असंही नाही, पण आधी त्यांच्या हातात फवारा होता. एकोणीस वर्षं फवारणी केली. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं. हातांची सालं निघायची, मी जुन्या कपड्यांचे आतून घालायचे हातमोजे शिवून द्यायची. काकडीवर लाल कोळी पडतो, टाचणीच्या टोकाएवढा, पानाच्या मागे बसून रस शोषतो आणि पान पांढुरकं करून वर जाळी विणतो. त्याच्यावर हे औषध मारायचे. आठव्या दिवशी तो पहिल्यापेक्षा जास्त. मग आणखी कडक औषध. यांना प्रश्न पडला की सगळं मरतं आणि हा एकटाच कसा उरतो? मग कुठूनतरी हे भिंग मिळवलं, आणि दिसलं की आपण मारतो त्यात कोळ्याला खाणारेही होते. ते आधी मरत होते. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. "एकोणीस वर्षं मी कुणाच्या बाजूनं लढत होतो गं?" म्हणाले. मी हातांना खोबरेल लावून दिलं.

तेव्हापासून हे शिकारी किड्यांच्या मागे लागले. भुशात मिसळून बाटलीतून येतात. नारिंगी, थेंबासारखे, कोळ्याहून जरासे मोठे. कोळी बसून असतो आणि शिकारी धावत असतात, ओळखायची खूण एवढीच. त्यांना हे "आपले" म्हणतात. माझ्या माहेरच्या माणसांना गेल्या बावीस वर्षांत एकदाही "आपले" म्हटलेलं नाही, ही नोंद मी इथे करून ठेवते.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या पॉलिहाऊसमध्ये काकडीवर कोळी पडला. मॅनेजरबाई म्हणाल्या, फवारू. हे म्हणाले, आपले सोडू. मॅनेजरबाई वाईट नाहीत, पण त्यांनाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं असतं. शेवटी ठरलं की बाटल्या सोडायच्या आणि एकवीस दिवस थांबायचं. एकविसाव्या दिवशी पानामागे सरासरी तीस किंवा कमी असतील तर फवारा कायमचा बंद. तीसच्या वर एक जरी असला, तरी त्याच दिवशी फवारणी, किडे मोजायचं काम बंद आणि भिंगवाले पॅकिंगमध्ये, खोकी भरायला.

"खोकी भरणं काही वाईट नाही," मी म्हटलं.

"वाईट नाहीच," हे म्हणाले. "पण मग मोजणार कोण?"

पहिल्या दिवशी फळ्यावर अकरा होते. पाचव्या दिवशी अठरा. नवव्या दिवशी एकतीस. हे घरी येऊन सांगायचे, "वाढणारच. आपले आधी स्थिरावतात, अंडी घालतात. तोवर तो वाढतो, मग पडतो." मला समजावत होते की स्वतःला, देव जाणे. बाराव्या दिवशी चव्वेचाळीस.

हे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आमची खोली लहान. एका भिंतीला माझं मशीन, दुसऱ्या भिंतीला पलंग, मधल्या जागेत हे येरझारा घालणार. फरशी हलते तशी माझी टीप हलते. त्या आठवड्यात मी तीन कॉलर उसवून पुन्हा शिवल्या. ताटावर बसायचे आणि चार घास खाऊन उठायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि बोटांवर काहीतरी मोजायचे. विचारलं की "काही नाही". या कामात सगळ्यात अवघड काय, तर काहीच न करणं. फवारणीवाल्याचं बरं असतं, घाम गाळला की काम केल्यासारखं वाटतं. यांना नुसतं बघायचं होतं, आणि बघत राहणं या माणसाच्या रक्तात नाही.

तेराव्या दिवशी सुट्टी होती. सकाळपासून खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी कात्री खाली ठेवली.

"अहो, तुमच्या येरझारांनी ते किडे मरणार आहेत का?"

"नाही."

"मग जी पानं जास्त खराब आहेत ती तोडून टाका ना सरळ. मी येते हवं तर. चार हातांनी होईल पटकन."

हे थांबले. "तसं करायचं नसतं," म्हणाले.

"का?"

एरवी या माणसाला "का" विचारलं की अर्धा तास सुटका नाही. त्या दिवशी यांनी पायात चपला सरकवल्या. मग खुंटीवरची टोपी घेतली. आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आणि चूक त्यांच्या एकट्याच्या नावावर घालायची नाही. मी म्हटलं होतं. मला माझी खोली शांत हवी होती, माझी कॉलर सरळ हवी होती. खरं ते हेच आहे.

पॉलिहाऊसमध्ये कुणी नव्हतं. आत दमट, गरम, पानांचा हिरवा वास. मी यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगावर चढवला होता. आठही रांगांतली पांढुरकी, जाळी धरलेली पानं आम्ही खुडत गेलो आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत दाबून भरली. चार पोती झाली. पीक काढल्यावर निघणाऱ्या पाल्याच्या पोत्यांची तोंडं बांधून ती मागच्या खड्ड्याजवळ उन्हात ठेवायची, आतलं सगळं शिजून जातं, ही यांचीच शिकवण. दोन पोती यांनी ओढत नेली. उरलेली दोन मी न्यायची होती. पण माझी कंबर भरून आली होती. मी ती दाराच्या आत, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सारली आणि म्हटलं, "उद्या कुणीही नेईल."

घरी आल्यावर यांनी पोटभर जेवण केलं. दोनदा मागून घेतलं. आणि पलंगावर पडले ते घोरायलाच लागले. तेरा दिवसांनी! मला इतकं बरं वाटलं की मी मशीनसुद्धा चालवलं नाही.

शर्ट काढताना बाहीला एक पान चिकटलेलं दिसलं. काकडीचं पान खरखरीत, कापड सोडत नाही. टाकणार होते. पण समोर खुंटीला भिंग होतं, घर शांत होतं, आणि ते घरात आल्यापासून मी त्यातून कधी नीट पाहिलेलं नव्हतं. खिडकीशी जाऊन पान उलटं धरलं.

आधी नुसती जाळी. मग तिच्यात नारिंगी काहीतरी पळालं. त्याच्या मागे दुसरं. एकानं कोळ्याला समोरून धरलं होतं आणि तो कोळी रिकाम्या पिशवीसारखा होत होता. मी मोजले. धावणारे नऊ होते. बसलेले सहा, त्यातले निम्मे चिपाडं झालेले.

झोपेतून उठवू नये असं वाटलं, आणि उठवलं.

"अहो, धावतात ते आपले ना?"

यांनी पान घेतलं, भिंग लावलं. बराच वेळ डोळा काढलाच नाही.

"उलटलं होतं गं," म्हणाले. "आकडा फिरायला लागला होता. खाणारे कुठे जाणार? जिथे जास्त कोळी तिथेच. सगळ्यात खराब पानांवर." मग पुढचं वाक्य माझ्याकडे न बघता बोलले. "आपण आपल्यांनाच पोत्यात भरलं."

दोघं एका सायकलवर निघालो. आमच्या वयाला ते शोभत नव्हतं, लोक बघत होते, बघू देत. मी मागच्या सीटवर यांच्या शर्टाला धरून बसले होते आणि मनातल्या मनात मलाच शिव्या घालत होते.

खड्ड्याजवळची पोती उघडली तर तोंडावर वाफ आली. आत पानं काळी, लिबलिबीत. यांनी कोपरापर्यंत हात घालून तळातली पानं काढली, भिंग लावलं, टाकली, पुन्हा काढली. काही हललं नाही. मी म्हटलं, "अहो, पुरे. आत चला. टाकीमागची दोन बघा."

टाकीमागची कोमट होती, पण जिवंत होती. माझ्या आळशी कंबरेनं आयुष्यात केलेलं एवढं एकच पुण्य!

मला वाटलं होतं, पानं आठही रांगांना वाटून टाकू. हे म्हणाले, "नाही. उरलेत ते आठ ठिकाणी विखुरले तर कुठेच पुरणार नाहीत. एकच रांग धरायची." टाकीजवळची सातवी रांग धरली. माझ्याकडे टाचण्यांची डबी असतेच. एक एक खुडलेलं पान वेलावरच्या पानाला टाचत गेलो, पाठीला पाठ लावून, म्हणजे आपले चालत पलीकडे जातील. दिसेनासं होईपर्यंत टाचत होतो. बोटं भोसकून घेतली. हे एकदाही माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बारा. खराब पानंच नाहीत म्हटल्यावर आणखी किती निघणार? पुढचं मला तिथल्या फवारणीवाल्यानं सांगितलं. तो आता यांचा सगळ्यात जवळचा मित्र आहे, हीही एक गंमतच. मॅनेजरबाईंनी आकडा बघून शाबासकी दिली. आठ दिवस यांनी तोंडाला कुलूप घातलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही.

"तो आकडा कोळ्यांचा नाही," हे म्हणाले. "माझ्या हातांचा आहे." आणि सगळं सांगून टाकलं. माझं नाव तेवढं वगळलं.

मॅनेजरबाई चिडल्या. "तुम्हीच सगळ्यांना शिकवता, पानं खुडू नका म्हणून! आणि आता मी काय करू? दिवस वाढवून मिळणार नाहीत, भिंगवाले."

"मागतही नाही," हे म्हणाले.

घरी येऊन मला हे काही बोलले नाहीत. फवारणीवाल्याकडून कळल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "हरिश्चंद्राचा अवतार! पॅकिंगमध्ये उभं राहून पाय सुजले की मला सांगू नका." हे खिडकी ते दार चालत राहिले. मी यावेळी फरशीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पंधरा, एकोणीस, चोवीस. आकडा चढत होता, माझा जीव टांगणीला. सातव्या रांगेचं वेगळं काही फळ्यावर येत नाही, सगळ्यांची मिळून सरासरी.

एकविसाव्या दिवशी सकाळी हे लवकर गेले आणि नऊ वाजता परत आले.

"चल," म्हणाले. "आज तू मोज."

"मी? मला काय कळतं?"

"टीप मोजतेस ना? तसंच. धावणारे सोड, बसलेले मोज."

पॉलिहाऊसच्या दाराशी फवारणीवाला टाकी भरून बसला होता. मला बघून उभा राहिला. "वहिनी, नीट मोजा हं," म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. मॅनेजरबाई वही घेऊन आल्या. त्यांना वाटलं असावं, ही काय भानगड.

स्वच्छ रांगेपासून सुरुवात करायची असते, म्हणजे आपल्या हातांनी कीड पुढे जात नाही. हे मला सातव्या रांगेत घेऊन गेले. वाळलेली पानं अजून टाचणीला लटकत होती. मी पुठ्ठा ठेवला, भिंग लावलं.

"सहा," म्हटलं. "चार. आठ. पाच. सात."

मॅनेजरबाईंचं पेन थांबलं. "ताई, नीट मोजताय ना?"

"बघा तुम्हीच," मी भिंग पुढे केलं.

त्या वाकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी फळ्यावरचा आकडा सोडून काही पाहिलेलं नसावं. एक डोळा मिटून बराच वेळ बघत होत्या. "हा पळतोय तो काय?" असं त्यांनी विचारलं आणि यांनी सांगितलं, हळू आवाजात, एखादं बाळ झोपलेलं असावं तसं. त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "पुढे चला."

पुढच्या रांगा वेगळ्या होत्या. छत्तीस. एक्केचाळीस. सदतीस. तिसऱ्या रांगेपासून माझ्या लक्षात आलं की आकडा तीसच्या वर जातोय, पण फार नाही. पानामागे चार-पाच कमी सांगितले की काम झालं. कोण पडताळणार होतं? इतके बारीक किडे, हलणारं पान, माझे पन्नाशीचे डोळे. यांनी माझ्याकडे पाठ केली होती, छताकडे बघत उभे होते. माझ्या जिभेवर "बत्तीस" आलं होतं आणि भोकात अडतीस होते. मी अडतीस म्हटलं. नंतरच्या प्रत्येक पानाला मला तेवढाच त्रास झाला, तो काही कमी झाला नाही. चाळीस पानं संपली.

मॅनेजरबाईंनी बेरीज केली, तेराशे साठ. भागिले चाळीस, चौतीस.

बाहेर फवारणीवाल्यानं टाकी उचलल्याचा आवाज आला.

"ठरल्याप्रमाणे फवारणी," मॅनेजरबाई म्हणाल्या. वही मिटली. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "सातवी रांग सोडून. तिला दोन्ही बाजूंनी कागद लावून घ्या. भिंगवाले, उद्यापासून तुम्ही पॅकिंगमध्ये. दुपारी एक तास ही रांग तुमची. फळ्यावर तिचा आकडा वेगळा लिहायचा."

हे "बरं" म्हणाले. प्लॅस्टिकचा कागद त्यांनी स्वतः लावला, खालून माती दाबली, फटी बुजवल्या. फवारणीवाला टाकी पाठीवर घेऊन थांबला होता, घाई न करता. फवारा सुरू झाला तसं हे बाहेर आले. मला वाटलं रडतील. मीच रडले.

परतताना सायकल हातात धरून चालत होतो.

"मला माफ करा," मी म्हटलं. "चार-पाच कमी सांगायला हवे होते."

"सकाळी मी मोजून आलो होतो," हे म्हणाले. "चाळीसही पानं."

"आणि?"

"एकोणतीस आले."

मी रस्त्यातच उभी राहिले. "अहो! मग मला कशाला नेलंत? एकोणतीस होते तर..."

"होते कुठे? मला हवे होते. बऱ्याच पानांवर मी दोनदा मोजलं आणि दोन्हींतला कमी आकडा तेवढा धरला. लक्षात आलं, तसा तुला न्यायला आलो."

"मग निदान मला आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुलाही एकोणतीसच दिसले असते."

खोटं कशाला बोलू? दिसले असते.